फुटांनी मोजलेला शृंगार

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत ते स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी पुढची पंचवीसेक वर्षं खपून ते अक्षरशः डबा-डबा जमवत उभं केलं. गोळा करताना उत्तम, सुमार, टाकाऊ अशी निवड करायची नाही, हा नायरांचा दंडक. पुढच्या पिढीला काय मोलाचं वाटेल हे ठरवणारे आपण कोण, असा त्यामागचा विचार. या संग्रहात एक चमत्कारिक भर पडत असे. सेन्सॉर मंडळाने चित्रपटांतून कापायला लावलेले तुकडेही जपणुकीसाठी इथेच येत. म्हणजे लोकांनी जे पाहू नये असं सरकारने ठरवलं, ते सरकारनेच सरकारी खर्चाने सांभाळून ठेवलं. पुणेकराला यात काही विसंगती वाटायची नाही. नको असलेली वस्तू फेकून न देता माळ्यावर टाकणं हा इथला जुना रिवाज.

कापण्याचा हुकूम कसा असे, तेही पाहण्यासारखं आहे. अमुक क्रमांकाचं रीळ, त्यात नायक-नायिकेची अमुक जवळीक, लांबी इतके फूट. पुढे इतके मीटर. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. तेव्हा तीन फूट कापले की बरोबर दोन सेकंदांचा शृंगार गेला. कारकुनी दृष्टीने काम अगदी चोख. माप आहे, नोंद आहे, कापलेला माल जमा आहे.

मला जे म्हणायचं आहे ते या मोजमापापासून सुरू होतं. शृंगाराला लांबी असते आणि म्हणून तो चित्रपटातून वेगळा काढता येतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. आशियातल्या शृंगारपटांबद्दल आपण जे बरं-वाईट बोलत आलो, त्यातला बराचसा घोळ याच एका समजुतीने घातलेला आहे. हे जरा सावकाश पाहू.

सेन्सॉरच्या विरुद्ध टोकाला कोण उभा असतो? कुणीही सांगेल, सकाळच्या खेळाला 'फक्त प्रौढांसाठी'चा बोर्ड लावणारा थिएटरवाला. एकपडदा थिएटरांच्या काळात सकाळचा खेळ ही एक स्वतंत्र दुनिया होती. डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट, फाटकी पोस्टरं, मान खाली घालून आत जाणारे आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडणारे प्रेक्षक. आय. व्ही. ससी यांचा 'अवळुडे रावुकळ' हा १९७८ चा मल्याळी चित्रपट याच वाटेने हिंदीत आला आणि देशभर फिरला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या एका मुलीच्या आयुष्याची ती गंभीर गोष्ट आहे. सीमा या अभिनेत्रीचं नाव त्यातूनच झालं. पण हिंदी मुलखात त्या गोष्टीची ओळख उरली ती पोस्टरवरच्या एका चित्रापुरती. पुढे २००० साली शकीला या अभिनेत्रीचा 'किन्नारत्तुंबिकळ' आला. अत्यल्प खर्चात काढलेल्या त्या चित्रपटाने केरळात मोठ्या नटांच्या चित्रपटांना घाम फोडला आणि तशा चित्रपटांची लाटच उठली. या धंद्यात एक युक्ती सर्रास चाले. मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेल्या प्रतीत वेगळीकडे चित्रित केलेला, बऱ्याचदा भलत्याच बाईचा, उघडावाघडा तुकडा जोडून द्यायचा. केरळात अशा चित्रपटाला नावच 'तुकड्याचं पिक्चर' या अर्थाचं पडलं. प्रेक्षक दोन तास बसे तो त्या दोन मिनिटांसाठी. तुकडा लागला नाही तर खुर्च्या मोडत.

आता गंमत बघा. एक जण तुकडा काढतो, दुसरा तुकडा घालतो. एक संस्कृतीचा रखवालदार, दुसरा तिला बुडवणारा. पण शृंगार म्हणजे काय, याबद्दल दोघांचं मत तंतोतंत एक आहे. दोघांनाही तो सुटा माल वाटतो. चित्रपट म्हणजे तो माल बांधायचा कागद. या दोघांच्या भांडणात मागची शंभर वर्षं गेली आणि चित्रपटाकडे पाहायला कुणाला सवड झाली नाही.

शृंगार सुटा नसतो तर कसा असतो, हे समजायला मराठी माणसाला लांब जायला नको. बैठकीची लावणी पाहावी. गाणारी बाई नऊवारी नेसून, पदर नीट घेऊन बसलेली असते. नाच नाही, धावपळ नाही. उघडं म्हणावं तर तोंड आणि हात. ती एक ओळ म्हणते, तीच पुन्हा म्हणते, आणखी एकदा म्हणते. पहिल्या खेपेला ती ओळ तक्रार असते, दुसऱ्या खेपेला आर्जव, तिसऱ्या खेपेला भुवई जराशी चढते आणि तीच ओळ आव्हान होते. शब्द तेच, अर्थ मात्र वर वर चढत जातो. समोर बसलेला रसिक हरतो तो चौथ्या-पाचव्या वेळेला, आणि तेही आधीच्या चार वेळा त्याने ऐकल्या म्हणून. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी ही अदा थेट एकविसाव्या शतकापर्यंत आणून सोडली; २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या बैठकीतली एखादी पाचवी आवृत्ती तेवढी कापून कुणाला दाखवली तर त्यात काय दिसणार? एक वयस्क बाई भुवई उचलते आहे. कापायला काही नाही आणि विकायलाही काही नाही. तरीही मराठीत याहून शृंगारिक असं फार थोडं आहे.

लावणीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. लावणीत बाई बोलते. ती रुसते, मागते, हिशेब विचारते, परतवून लावते. लिहिणारे शाहीर पुरुष, हे खरं. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात ज्यांची चलती होती ते होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, सगळे पुरुषच. पण घाट बाईच्या तोंडचा. हा घाट तरी कुठला? महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'पर्यंत त्याची मुळं जातात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मोठी मराठी आवृत्ती काढली तेव्हा वाचकांना कळलं की हाल राजाच्या त्या संग्रहातल्या कितीतरी गाथा बाईनेच बोललेल्या आहेत, कधी सखीशी, कधी सासूला चुकवून वाटसरूशी. ज्या देहाकडे आपण पाहतो त्याला मन आहे, म्हणणं आहे, आणि तो देह आपल्याकडे उलट पाहतो आहे. तुकडा कापला की पहिली गळते ती ही उलट नजर. देहाचा तुकडा हाती लागतो आणि बाई मागे राहते.

पुण्याच्या विजयानंद थिएटरात अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली लागला आणि १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं. हंसा वाडकर, जयश्री गडकर, ग. दि. माडगूळकरांची गाणी, वसंत पवारांचं संगीत. त्यातल्या लावणीसाठी लोक पुन्हा पुन्हा गेले हे उघड आहे. पण निव्वळ लावणी पाहायची तर तमाशाची थिएटरं पुण्यातच होती, आर्यभूषण होतं. विजयानंदला मिळत होती ती तमाशातल्या बाईच्या आयुष्याला जोडून आलेली लावणी. तिची अदा पाहून खूश झालेल्या प्रेक्षकाला पुढे तिच्यावरचा अन्यायही पाहावा लागे. आधीची शिट्टी घशात अडकत असेल-नसेल, पण तिकिटात दोन्ही एकदम मिळत होतं.

याच्या बावीस वर्षं आधी, याच गावात, 'प्रभात'ने 'कुंकू' काढला होता. १९३७ साल. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा व्ही. शांतारामांचा चित्रपट. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात फसवून बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला साफ नकार देते. केशवराव दाते यांनी केलेला तो म्हातारा खलनायक नाही, हे चित्रपटाचं मोठेपण. त्याला हळूहळू उमगत जातं. या चित्रपटात उघडं काहीच नाही, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजघराबद्दल आहे. बाईच्या संमतीचा प्रश्न इतका स्पष्ट मांडणारा चित्रपट त्या काळात दुसरा सापडणं कठीण. फुटांच्या हिशेबाने 'कुंकू'तला शृंगार शून्य. मला तर तो स्त्री-पुरुषसंबंधांवरचा आपला सर्वांत धीट चित्रपट वाटतो. त्याच 'प्रभात'च्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि जपान-युरोपचे चित्रपट विनाकात्री पाहण्याची सोय देशात ज्या मोजक्या जागी होती त्यांतली एक तिथे झाली.

त्या इन्स्टिट्यूटचे संचालक १९७४-७५ मध्ये गिरीश कार्नाड होते. त्यांनी पुढे १९८४ साली शशी कपूरसाठी 'उत्सव' केला. आपल्याकडे शृंगारपट म्हणावा असा, उघडपणे शृंगारासाठीच काढलेला, मोठ्या ताकदीचा चित्रपट कोणता, असं विचारलं तर मी हाच सांगेन. गोष्ट शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'ची. देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला वसंतसेना माहेरच्या माणसासारखी ओळखीची. रेखाची वसंतसेना दागिन्यांनी मढलेली आहे. ते दागिने उतरत जातात आणि कॅमेऱ्याला कसली घाई नाही. या दृश्यावर तेव्हा पुष्कळ नाकं मुरडली गेली. पण 'मृच्छकटिक' ज्याला ठाऊक आहे त्याला कळतं की ही गोष्ट मुळात दागिन्यांचीच आहे. वसंतसेना ते चारुदत्ताकडे ठेवायला देते, चोर ते पळवतो, दासीची सुटका त्यांच्यावर होते, चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत सोनं भरलं जातं आणि शेवटी तेच चारुदत्ताला वधस्तंभापर्यंत नेतं. अंगावरून उतरणारा दागिना इथे गोष्टीला गती देणारा दागिना आहे. ते दृश्य काढा, आणि नाटकाच्या कथेचा धागाच निघून येतो. 'उत्सव' सगळाच जमला आहे असं नाही; दुसऱ्या अर्ध्यात तो रेंगाळतो, आणि अमजद खानचा वात्स्यायन गमतीच्या भरात कधी कधी चित्रपट खाऊन टाकतो. पण चारुदत्ताच्या बायकोची आणि वसंतसेनेची मैत्री ज्या मोकळेपणाने त्यात येते, तसं हिंदीत क्वचितच झालं असेल.

आता कायद्याकडे. कायद्यालाही तुकड्याचा मोह सुटलेला नाही. पुण्यातून निघणाऱ्या 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. त्या काळी काकोडकर किती वाचले जात हे जुन्या सर्क्युलेटिंग लायब्ररीवाल्यांना विचारावं. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, अशी कथा. अश्लीलतेचा खटला झाला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. खटल्याची तऱ्हा नेहमीची. फिर्यादीने परिच्छेदांवर बोट ठेवायचं आणि बचावाने अख्खं पुस्तक पुढे करायचं. न्यायालयाने आक्षेप घेतलेले उतारे पाहिले, सगळी कथाही पाहिली, समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलताहेत हेही लक्षात घेतलं. दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी हे सगळं सात वर्षं चाललं होतं! १९९६ साली 'बँडिट क्वीन'चा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला तेव्हा हा विचार आणखी स्पष्ट झाला. फूलनला गावापुढे विवस्त्र केलं जातं ते दृश्य वासना चाळवण्यासाठी नसून अत्याचाराची किळस यावी म्हणून आहे, आणि ते सगळ्या चित्रपटाच्या संदर्भातच पाहिलं पाहिजे, असं न्यायालयाने मानलं. उघड्या देहाचे फूट तेच राहिले, अर्थ मात्र मागच्या-पुढच्यावरून ठरला.

याची उलट बाजू आपल्या पुण्याच्याच मुलीच्या वाट्याला आली. स्मिता पाटील १९५५ साली पुण्यात जन्मली. जयवंत दळवींच्या 'चक्र' कादंबरीवर रबींद्र धर्मराज यांनी केलेल्या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट १९८१ साली लागला. त्यात झोपडपट्टीतली अम्मा उघड्यावर, सार्वजनिक नळाखाली अंघोळ करते. तिला न्हाणी नाही, आडोसा नाही, दुसरा इलाजच नाही. चित्रपट पाहताना अवघडायला होतं ते तिच्या देहामुळे नव्हे. तिच्याकडून एकांतच हिरावून घेतलाय, आणि आपण तिथे नसायला हवं होतं, असं वाटतं म्हणून. वितरकांनी नेमकं तेच दृश्य उचललं आणि शहरभर होर्डिंगवर चढवलं. स्मिताने त्याबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली. चित्रपटात एकांत नसल्याची व्यथा होती. होर्डिंगने ती व्यथा कापून टाकली आणि अंघोळ तेवढी ठेवली. हे काम कुठल्या सेन्सॉरने केलं नाही. कापणारे चित्रपट विकणारेच होते.

पण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी जपानमध्ये लागते. कारण तिथे एका अख्ख्या उद्योगाने तुकडा हाच नियम केला. निक्कात्सु ही जुनी कंपनी डबघाईला आली तेव्हा १९७१ च्या नोव्हेंबरात तिने 'रोमान पोर्नो' नावाची चित्रमालिका सुरू केली आणि ती १९८८ पर्यंत चालवली. अटी व्यापारी होत्या. लांबी साधारण सत्तर मिनिटं, खर्च तुटपुंजा, चित्रीकरण आठवडा-दहा दिवसांत उरकायचं, आणि दर दहाएक मिनिटांनी एक शय्यादृश्य आलंच पाहिजे. एवढं पाळलं की बाकी काय करायचं ते दिग्दर्शकाने बघावं. वर जपानचा कायदा असा की शरीराचे काही भाग दिसताच कामा नयेत. म्हणजे दाखवायची सक्ती आणि झाकायचीही सक्ती. अशा जागी कला उगवावी अशी अपेक्षा कुणी करणार नाही.

आणि ती उगवली. तात्सुमी कुमाशिरो या दिग्दर्शकाने १९७३ साली 'गेशांचं जग' अशा आशयाच्या नावाचा चित्रपट केला. काळ १९१८ चा. खोलीत गेशा आणि तिचं गिऱ्हाईक. बाहेर तांदळाच्या भावावरून दंगली, सैबेरियाला निघालेलं सैन्य, वर्तमानपत्रांतल्या बातम्या. शय्येवरचा प्रसंग चालू असताना मध्येच देश आत घुसतो. माणसं एकमेकांना बिलगतात ती सुखासाठी जेवढी, तेवढीच बाहेरच्या भीतीपोटी. कायद्याने झाकायला लावलेले भाग कुमाशिरो चोरून झाकत नाही. तो पडद्यावर भलामोठा काळा ठोकळा आणून ठेवतो, इतका मोठा की प्रेक्षकाला हसू यावं आणि आपल्याला कुणीतरी अडवतंय हे कळावं. त्याच्याच १९७२ च्या एका चित्रपटात सायुरी इचिजो ही खरीखुरी नग्ननर्तकी स्वतःचीच भूमिका करते. पोलिसांची धाड, नव्या मुलीशी चाललेली ईर्षा, उतरतं वय आणि तरीही रंगमंचावर येताच सगळ्यांना खिशात घालण्याची ताकद. आर्यभूषणच्या विंगेत उभं राहिलेल्या माणसाला यातलं काहीही परकं वाटणार नाही. दर दहा मिनिटांचा तुकडा कुमाशिरोने मालकाला इमानेइतबारे दिला, पण मधली नऊ मिनिटं अशी विणली की तुकडा उपटून काढता येऊ नये. याच क्षेत्रातल्या छोट्या चित्रपटांवर हात बसवलेल्या योजिरो ताकिता यांच्या 'डिपार्चर्स'ला २००९ साली ऑस्कर मिळालं. मृतदेहाला शेवटची अंघोळ घालणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे. देहाकडे आदराने कसं पाहायचं याची तालीम त्यांनी कुठे केली असेल याचा अंदाज आता करता येईल.

निक्कात्सुचे सगळेच चित्रपट असे होते, असा गैरसमज नको. शेकडो निघाले आणि त्यांतले बहुतेक टाकाऊ होते. त्यांत बाईवरच्या जबरदस्तीलाच शृंगार म्हणून विकणारेही कमी नव्हते, आणि त्यांची तरफदारी करायची मला मुळीच इच्छा नाही. त्यांना कुमाशिरोच्या पंक्तीला बसवणारे समीक्षक मला दांभिक वाटतात. हाँगकाँगचे १९८८ नंतरचे, फक्त प्रौढांसाठीच्या 'तिसऱ्या वर्गा'चे चित्रपट, कोरियात लष्करी राजवटीच्या आशीर्वादाने निघालेले चित्रपट, सगळीकडे हेच प्रमाण. पाश्चात्त्य बाजारात या सगळ्यांना 'आशियाई' अशी एकच चिठ्ठी लागते. जपानी गेशा, केरळातली शकीला, सोलची गृहिणी सगळ्या एका फडताळात. संस्कृतीचाही असा तुकडा पाडता येतो. कुमाशिरोतल्या १९१८ च्या दंगली कळल्या नाहीत तर किमोनो तेवढा उरतो.

जपानचाच दिग्दर्शक नागिसा ओशिमा याचा दावा तर याच मुद्द्याच्या टोकावर उभा होता. प्रियकराचा खून करणाऱ्या साडा आबेच्या १९३६ च्या प्रकरणावरचा त्याचा १९७६ चा चित्रपट शृंगारपटाच्या नेहमीच्या सीमेपलीकडचा. जपानमध्ये चित्रित केलेली फिल्म न धुता फ्रान्सला पाठवून त्याने चित्रपट तिकडे पुरा केला. मग जपानच्या सरकारने खटला कशावर भरला? चित्रपटाची पटकथा आणि स्थिरचित्रं असलेल्या पुस्तकावर! हलत्या चित्रपटातून थांबवलेल्या चौकटी काढल्या आणि त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केल्या. ओशिमाचा युक्तिवाद असा होता की अश्लीलता झाकण्यातून जन्मते. पूर्ण पाहिलं की ती उरत नाही. तो १९७९ ला सुटला, १९८२ ला वरच्या न्यायालयात पुन्हा सुटला.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. 'कथेची गरज' हे शब्द आपल्याकडे इतके झिजले आहेत की ते ऐकताच निर्मात्याचा खिसा चाचपावासा वाटतो. कुठलंही उघडं दृश्य 'सगळ्या चित्रपटाच्या संदर्भात' बघा म्हणून खपवायचं का? अजिबात नाही. दोन प्रश्न विचारावेत. दृश्य काढलं तर चित्रपट लंगडा होतो का? आणि निव्वळ दृश्यच पाहिलं तर समाधान पूर्ण होतं का? पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो असं उत्तर आलं, तर त्या दिग्दर्शकाने थिएटरवाल्याचं तुकडा जोडण्याचं काम स्वतःच केलेलं आहे. या कसोटीवर हिंदीतली निम्मी 'आयटम' गाणी पडतील, आणि ती सेन्सॉरकडून हसतखेळत पास झालेली आहेत.

दादा कोंडक्यांचं काय, असंही कुणी विचारेल. दादांनी १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून सेन्सॉरला जेरीस आणलं त्याचं कारण हेच की त्यांच्या द्व्यर्थी संवादात कापण्याजोगं काही सापडत नसे. शब्द निष्पाप, चेहरा भोळा. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात. दादा विचारत, यात वावगं काय आहे ते दाखवा, आणि दाखवणाऱ्यालाच लाज वाटे. ही बैठकीच्या लावणीचीच थोडी रांगडी नातवंडं. दादांच्या पुढच्या चित्रपटांत ती फारच रांगडी झाली आणि बाई त्यात बोलायची थांबली, ही माझी तक्रार आहे.

रवी जाधव यांचा 'न्यूड' मला या सगळ्यात जवळचा वाटतो. गावाकडून मुंबईला आलेली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांपुढे विवस्त्र बसण्याचं काम पत्करते. कल्याणी मुळे यमुना, छाया कदम तिला तिथे आणणारी चंद्राक्का. वर्गात तीसेक डोळे तिच्याकडे पाहतात, पण रेषा शोधत पाहतात. बाहेर तिला एखाद-दुसरा माणूसच पाहतो आणि ती आक्रसते. पूर्ण देह उघडा असूनही तुकडा न झालेली बाई, आणि पूर्ण कपड्यांत असूनही तुकडा झालेली बाई, असे दोन्ही प्रसंग एकाच चित्रपटात आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट माहिती-प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर मंडळाने तो एकही काट न देता प्रौढांसाठी म्हणून मंजूर केला. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो लागला आणि संस्कृती होती तिथेच राहिली. नाव वाचून ओरडणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तो पाहिला असावा.

कारण तुकडा पाडायला आता सेन्सॉरचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर पंधरा सेकंदांची लावणी येते. तिच्यात चढण नाही, ओळीची दुसरी खेप नाही, बाईचं म्हणणं नाही. कंबर आहे आणि ढोलकी आहे. ती पाहून लावणी बिघडली म्हणून हळहळणारे आणि ती पुढे पाठवणारे पुष्कळदा एकच असतात. वयाच्या अटी जरूर असाव्यात, मुलांनी काय पाहू नये याचा विचार कुणीतरी करायलाच हवा. पण त्यासाठी वर्ग ठरवणं पुरतं. श्याम बेनेगल समितीने २०१६ साली हेच सांगितलं होतं: मंडळाने वयोगट ठरवून प्रमाणपत्र द्यावं, कापाकापी करू नये. त्यानंतरच्या वर्षी आपले अमोल पालेकर पूर्व-सेन्सॉरशिपविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या दुरुस्तीत वयाचे सात, तेरा, सोळा असे टप्पे कायद्यात आले. दृश्य कापायला सांगण्याचा अधिकार मंडळाकडे अजून तसाच आहे.